कोकणात सोपी सायकलवाट हवी? किनारा सोडा, नदी धरा

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचं कुटुंब, नवरा-बायको चाळिशीतले, मुलगा बारा वर्षांचा. घरात दोन माउंटन बाईक, पुढे सस्पेन्शन असलेल्या, आणि मुलाची चोवीस इंची गिअरवाली. परदेशातल्या नदीकाठच्या शांत, सपाट वाटांबद्दल त्यांनी वाचलं, आणि कोकणात तसं काही आहे का, असं विचारलं आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी गुहागर ते गणपतीपुळे असा किनाऱ्याचा बेत केला होता. दुसऱ्या दिवशी सायकली टेम्पोत घालून परतावं लागलं. त्यामुळे मुलगा आता सायकलचं नाव काढू देत नाही. वाटा कोणत्या, सायकलीची तयारी काय, आणि सायकली आणायच्या कशा, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्यांदा मुलाला सांगा, की त्याचा दोष नव्हता. किनाऱ्याचा रस्ता सोपा, हा समज नकाशा बघून होतो. नकाशावर समुद्र निळा आणि सपाट, म्हणून शेजारचा रस्ताही सपाट वाटतो. प्रत्यक्षात आपला किनारा म्हणजे जांभ्याचे सडे, म्हणजे लाल दगडाची उंच पठारं, आणि ते सडे ठिकठिकाणी कापून समुद्राला मिळालेल्या खाड्या. रस्ता सड्यावर चढतो, कातळावरून दोन-चार किलोमीटर जातो, की धाडकन खाडीत उतरतो. पूल किंवा फेरीबोट, आणि पलीकडे परत तोच चढ. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, वेसवी-बागमांडला या फेऱ्यांनी प्रवास मजेचा होतो खरा, पण दोन फेऱ्यांच्या मधला रस्ता पायांचं पीठ करतो. साठ-सत्तर किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास चढ सहज होतो, तोही आठ-दहा टक्क्यांच्या तुकड्या-तुकड्यांनी आणि डोक्यावर सावली नसताना. सराव असलेल्यांना तो मार्ग जरूर सुचवतो. बारा वर्षांच्या मुलाला नाही.

सोपं कोकण आत आहे, नद्यांच्या मधल्या टप्प्यात. आपल्या नद्या आखूड. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरताना त्या बेफाम असतात, पण पायथ्याला पोचल्या की त्यांचा सगळा जोर संपतो. तिथून समुद्रापर्यंत त्यांना उतरायला फारसं काही उरतच नाही. भरतीचं पाणी सावित्रीतून महाडपर्यंत आणि वाशिष्ठीतून चिपळूणपर्यंत आत येतं, यावरून कल्पना करा. समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत, आणि उंची जेमतेम दहा-वीस मीटर. एका नदीचा एकच काठ धरून गेलात तर चढ जवळपास नाही. काठ बदललात तरी पुलापुरताच फरक. पण एक खोरं सोडून शेजारच्या खोऱ्यात जायचं म्हटलंत, की मधला सडा चढावाच लागतो. म्हणून माझा नियम साधा आहे: एका दिवसाला एक नदी.

आमच्याकडे जमिनीला तीन नावं. नदीलगतचा मळा, त्याच्या वर भरड, आणि सगळ्यात वर कातळ. मळ्यात भात, भरडावर नाचणी-वरी, काजू आणि आंबा, कातळावर गवत आणि चिरेखाणी. जुन्या वाड्या बहुतेक मळा आणि भरड यांच्या शिवेवर वसलेल्या दिसतील, कारण पुराचं पाणी घराला लागता कामा नये आणि शेत तर हाकेच्या अंतरावर हवं. या वाड्यांना जोडणारा जुना रस्ताही त्याच शिवेवरून जातो, म्हणजे जवळपास एकाच उंचीवरून. तुम्हाला हवी ती वाट हीच. उजवीकडे मळा, डावीकडे घरांचे गडगे (दगडी कुंपणं), मधून लाल मातीचा किंवा जुन्या डांबराचा रस्ता. रस्ता अचानक काजूच्या बागेतून वर वळायला लागला, की समजा, तुमची शीव सुटली.

आता प्रत्यक्ष वाटा. मी कुडाळ भागात लोकांना सायकलवर फिरवतो, तेव्हा माझा कल तळकोकणाकडे, म्हणजे सिंधुदुर्गाकडे, राहणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्यासाठी पहिला दिवस कर्ली नदीचा. कुडाळला हिला भंगसाळ म्हणतात, खाली गेली की कर्ली, आणि देवबागला ती समुद्राला मिळते. कुडाळहून कविलकाट्यावरून नेरूर, आणि तिथून वालावल. अंतर बारा-चौदा किलोमीटर. मध्ये छोटे चढ येतात, पण ते सगळे व्हाळांचे: रस्ता ओढ्याला उतरतो आणि लगेच वर येतो. गिअर आधीच हलका करून ठेवला तर मुलालाही उतरावं लागत नाही. नेरूरला कलेश्वराच्या देवळापाशी पहिला थांबा घ्या. पुढे मुख्य रस्ता सोडून नदीच्या बाजूच्या वाड्यांत शिरा. तिथे एमटीबीची, म्हणजे माउंटन बाईकची, खरी गंमत सुरू होते. माडांच्या बागांमधून जाणाऱ्या मातीच्या गाडीवाटा आहेत, त्यावर झावळ्या आणि पोयी (माडाच्या फुलोऱ्याची वाळलेली आवरणं) पडलेल्या असतात. मध्येच एखादा पाट आडवा जातो. वेग बारा-पंधराच्या वर जात नाही, आणि जायची गरजही नसते.

वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ तळ्याच्या काठावर आहे. तळं, देऊळ, मागे गर्द झाडी, आणि पलीकडे थोड्या अंतरावर नदी. दुपारचे दोन तास इथेच काढा. डिसेंबरातही अकरा ते तीन या वेळात आमच्याकडचं ऊन दमट असतं, आणि घाम वाळत नाही. शहरातून आलेला माणूस ‘तहान लागली नाही’ म्हणत पाणी पीत नाही आणि मग तीन वाजता त्याच्या पोटऱ्यांना गोळे येतात. शहाळं, कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक, जे मिळेल ते घेत राहा. दुपारनंतर चेंदवण-कवठीकडे नदीच्या कडेने जेवढं जमेल तेवढं पुढे जा आणि त्याच वाटेने परत या. फेरा पूर्ण करायचा हट्ट धरू नका. गोल मार्ग नकाशावर देखणा दिसतो, पण इथे गोल पूर्ण करणं म्हणजे सडा चढणं. आल्या वाटेने परत जाताना प्रकाश उलट्या बाजूचा असतो, वाट वेगळीच दिसते.

जास्त दम असेल तर नेरूरपारचा पूल ओलांडून काळसे आणि पुढे धामापूरला जाता येतं. धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला मानतात. २०२० साली त्याला सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथे पोचायला मात्र चढ आहे. मुलगा पहिल्या दिवशी कसा आहे ते बघून ठरवा. मी तरी दुसऱ्या खेपेसाठी ठेवला असता.

दुसरा दिवस माणगाव खोऱ्याचा. हे खोरं मला सगळ्यात आवडतं आणि इथे पर्यटक जवळजवळ नसतात. जे येतात ते माणगावला, दत्तभक्त टेंब्ये स्वामींच्या जन्मगावी, दर्शन घेतात आणि माघारी फिरतात. निर्मला नदी मनोहर-मनसंतोषगडाच्या बाजूने खाली येते, आणि तिच्या दोन्ही अंगांना आंबेरी, हळदीचे नेरूर, निवजे, वसोली अशी गावं आहेत. (हळदीचे नेरूर आणि कालचं नेरूर ही दोन वेगळी गावं. रस्ता विचारताना पूर्ण नाव घ्या.) समोर पूर्ण वेळ सह्याद्रीची भिंत दिसत राहते आणि तुम्ही मात्र सपाटीवर असता. माणगावपासून वसोलीकडे पंधराएक किलोमीटर रस्ता इतका हळू चढतो की ते पायाला कळत नाही, परतताना मात्र सायकल आपसूक पळायला लागते तेव्हा कळतं. म्हणून खोऱ्यात नेहमी सकाळी वर जा आणि दुपारी खाली या. उलट केलंत तर दमलेल्या पायांनी चढायचं, आणि खाडीकडून येणारा दुपारचा वारा मदतीला असला तरी त्याचा भरवसा धरू नये. शिवापूरच्या अलीकडे चढ उभा व्हायला लागतो. तिथून मागे फिरा.

माणगाव खोऱ्यातली वाट कशी असते ते एका तुकड्यावरून सांगतो. डांबरी रस्ता सोडून मळ्याकडे उतरलं की प्रथम दोन्ही बाजूंनी छातीएवढे चिऱ्यांचे गडगे असलेली पाणंद लागते. रुंदी बैलगाडीपुरती. तळाला पावसाने धुऊन उघडा पडलेला जांभा, त्यावर जांभ्याच्याच बारीक गोल खड्या, सांडलेल्या कुळथासारख्या. चाक त्यावरून घरंगळतं, पण सरळ ठेवलं तर सायकल पडत नाही. पुढचा ब्रेक दाबला की मात्र पडते. पन्नास-साठ पावलांवर पाणंद संपते आणि बांबूचं बेडं येतं. ते उघडायचं, पलीकडे जायचं, आणि जसं होतं तसं परत लावायचं, नाहीतर गुरं भातात शिरतील. त्यापुढे मळा. जानेवारीत वायंगणी (पावसाळ्यानंतरचं) भात लावलेलं असेल तर बांधावरून सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची. बांध ओला असताना चाकाची एक खोल रेघ पुरेशी होते, दुसऱ्या दिवशी त्या रेघेतून पाणी शेजारच्या कोपऱ्यात गेलेलं असतं आणि शेतकऱ्याची अर्धी सकाळ बांध लिंपण्यात जाते. मळ्याच्या टोकाला व्हाळ, त्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल. लोखंडी साकवाच्या पट्ट्यांमधल्या फटीत सायकलचं चाक अडकू शकतं. उतरा, एकेकाने जा.

आणखी एक गोष्ट. इथल्या कितीतरी वाटा कुणाच्या ना कुणाच्या खळ्यातून जातात. रस्ता संपला असं वाटतं, समोर सारवलेलं अंगण, एक कुत्रं आणि वाळत घातलेले कुळीथ. वाट खरं तर खळ्याच्या कडेने पुढे जात असते, पण तिथे सायकलवरून शिरू नका. उतरा, हाक मारा, विचारा. “काकी, हयसून पुढे वाट आसा काय?” उत्तर बहुतेक असं येतं: “आसा, पण सायकल उचलूची लागतली. बसा वायच, पाणी पियात.” बसलात तर कुठल्या व्हाळावर पूल झाला आहे, कुठल्या वाटेवर चिरेखाणीचे डंपर सुरू झाले आहेत, कुठे गवा उतरतो, हे सगळं कळतं. फोनमधल्या नकाशाला यातलं काही ठाऊक नसतं. तो साकवालाही पूल समजतो आणि पाखाडीलाही रस्ता. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्या. चांगल्या सायकलस्वाराने त्या उतरायला हरकत नाही, पण खालून वर सायकल खांद्यावरच.

जनावरांचं म्हणाल तर माणगाव खोऱ्यात एकेकाळी हत्ती होते आणि २०१५ मध्ये ते पकडण्याची मोहीम झाली. आता हत्तींचा वावर मुख्यतः दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या बाजूला आहे. तिलारीचं खोरंही सुंदर, वाटाही सोप्या, पण कुटुंबाला मी तिथे पाठवत नाही. केळीच्या बागेत पहाटे हत्ती असेल तर सायकलवरून पळता येईल हा भ्रम नको. माणगाव खोऱ्यात गव्यांची काळजी घ्या. उजाडल्यावर निघा, साडेपाचच्या आत मुक्कामी या. गवा रस्त्यात उभा असेल तर घंटी वाजवू नका, लांब थांबा, तो जाईल.

तिसऱ्या दिवशी पाय उरले असतील तर गड नदी. कणकवलीवरून येणारी ही नदी रामगडाला वळसा घालून मसुऱ्याजवळ खाडी होते. मसुऱ्याला भरतगड आणि पलीकडच्या काठावर बांदिवड्याचा भगवंतगड, दोन्ही किल्ले एकमेकांकडे बघत बसलेले. मसुरे ते कालावलच्या दिशेने खाडीकाठची वाट सपाट आणि छोटी आहे, सकाळचे दोन-तीन तास पुरे. भरतगडावर जायचं तर सायकल खाली ठेवून चालत जा.

खाडीकाठी फिरताना भरतीचं गणित ठेवा. खारबांधावरचे (खारं पाणी अडवणाऱ्या बांधावरचे) आणि खाजणाकडेचे (खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीकडेचे) कच्चे रस्ते उधाणाच्या भरतीला ओले होतात. शेवाळलेल्या चिखलावर रुंद टायरही टिकत नाही. जुना ठोकळ हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा; शुक्ल असो की वद्य. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते हेही लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा खाजणाची वाट दुपारच्या सुमाराला टाळा.

इतक्या लांब यायचं नसेल तर डोंबिवलीहून जवळचा पर्याय कोलाडचा. कुंडलिका नदीवर डोलवहाळचा बंधारा आहे आणि तिथून कालवे निघतात. कालव्यालगतची देखभालीची कच्ची वाट ही सायकलवाल्यांसाठी जगातली सगळ्यात सोपी वाट, कारण पाणी वाहण्यापुरताच उतार. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि थंडीत वालाच्या हिरव्या पट्ट्या. जानेवारीत एखाद्या शेतात संध्याकाळी पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लागलेली असली तर वासानेच कळेल. वाट सलग मिळेल असं धरून चालू नका, काही ठिकाणी झुडपं वाढलेली असतात, काही ठिकाणी मोरी खचलेली असते. मग गावातल्या रस्त्यावर या आणि पुढे परत शिरा. कालव्याचे काठ काँक्रीटचे आणि निसरडे असतात, तेव्हा मुलाला पाण्याच्या बाजूने चालवू नका. कोलाड-रोहा हा मुख्य रस्ताही तसा सपाट, पण धाटावची औद्योगिक वसाहत वाटेत असल्याने टँकर आणि ट्रक चालू असतात. तो टाळा.

कुंडलिकेत पाय बुडवायला उतरायचा मोह होतो. इथे नदीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडतात, राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर. सकाळी घोटाभर असलेली नदी थोड्या वेळात कमरेच्या वर जाते, आणि आकाशात ढगही नसतो. त्या पात्रातून सायकल उचलून पलीकडे जायचं मनातही आणू नका. वाशिष्ठी आणि सावित्रीत कारण वेगळं, तिथे मगरी आहेत. महाडला त्या पुलावरून दिसतात. काठावरच्या वाळूत पडलेला ओंडका लांबूनच बघावा.

महाडच्या बाजूला जायचं तर बिरवाडीच्या पुढे काळ नदीच्या खोऱ्यात वाळण कोंड आहे. नदीच्या पात्रातला खोल डोह, त्यावर झुलता पूल, आणि देवीचे म्हणून कुणी न पकडलेले मासे. कुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. मुलांना हे फार आवडतं. बिरवाडीपर्यंतचा भाग कारखान्यांचा आहे, तो गाडीने करा, सायकली पुढे काढा.

रत्नागिरीकरांसाठी काजळी. सोमेश्वर, चिंचखरी या खाडीकाठच्या गावांतून सकाळी फिरणं छान, पण शहर सड्यावर आहे, त्यामुळे जाताना उतार आणि घरी येताना चढ. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सायकली गाडीने खाली नेलेल्या बऱ्या. संगमेश्वरला महामार्ग सोडून कसब्यापर्यंतचा तुकडा लहान आहे, तरी कर्णेश्वराच्या देवळासाठी करण्यासारखा. संभाजी महाराज १६८९ मध्ये याच कसब्यात पकडले गेले.

आणि महामार्ग. मुंबई-गोवा महामार्गाला सायकल लावायची नाही, एक किलोमीटरही नाही. ओलांडायचा असेल तर भुयारी रस्ता किंवा सेवा रस्ता शोधा, त्यासाठी दोन किलोमीटर जास्त गेले तरी चालतील. कर्ली आणि माणगाव या दोन्ही दिवसांत महामार्गाच्या जवळपास जायला लागतं, म्हणून हे ठळक सांगतो.

दिवस कोणते? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरात भातकापणी चालू असते, वाटांवर भारे असतात आणि लोकांना बोलायला वेळ नसतो. शिवाय परतीचा पाऊस एखाद्या दुपारी येऊन लाल मातीचा गिलावा करून ठेवतो. मार्चपासून ऊन आणि घाम. त्याच सुमारास आंबा-काजूच्या बागा राखणीला येतात, मग बागेतून जाणाऱ्या वाटा मोकळ्या राहत नाहीत, आणि त्यात राखणदाराचं काही चुकत नाही. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर फिरा, दिसायला त्याहून सुंदर काही नाही. पण मळ्यात आणि नदीकाठी नको. माणगाव खोऱ्यात आंबेरीला पाणी चढलं की खोऱ्यातली अख्खी गावं तुटायची, हे इथल्या प्रत्येकाच्या आठवणीत आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाडचं काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.

सायकलींबद्दल फार नवीन काही लागणार नाही. पुढचं सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी इथे पुरते, मागच्या सस्पेन्शनचे पैसे वाचवा. टायर २ ते २.२ इंच, मध्यम नक्षीचे. खोल खिळ्यांचे टायर जांभ्यावर नुसते आवाज करतात आणि पाय दमवतात. हवा कमी ठेवा. दुकानदार डांबरी सवयीने साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतो, त्या हवेवर सायकल प्रत्येक खड्यावर उडते. ट्यूब असेल तर मोठ्या माणसाला तीस-पस्तीस, मुलाला वीस-पंचवीस. टायर अंगठ्याने जरा दाबला गेला पाहिजे. करवंदाच्या जाळ्या छाटून वाटेवर टाकलेल्या असतात आणि त्यांचे काटे वाळल्यावर खिळ्यासारखे कडक होतात, तेव्हा प्रत्येक सायकलमागे एक ट्यूब जास्त घ्या, पॅच आणि पंप घ्या. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर दहा मिनिटांत तेच.

लाल धूळ हा वेगळाच प्राणी. साखळीवर जाड तेल असेल तर ती धूळ त्यात मिसळून सहाणेचं काम करते. दोन दिवसांत गिअर कुरकुरायला लागतात. पातळ तेल थेंब-थेंब लावा, फडक्याने वरचं पुसून टाका, आणि रोज संध्याकाळी हेच. ब्रेक पॅड येण्याआधी तपासून घ्या, तालुक्याच्या गावात डिस्कचे पॅड मिळतीलच असं नाही. मुलाच्या सायकलला व्ही-ब्रेक (रिमला दाबणारे) असतील तर त्याची रिमही रोज पुसा.

मुलाची सीट एकदा बघा. शहरात मुलं सीट खाली ठेवतात, पाय टेकावेत म्हणून. तीस किलोमीटर चालवायचं तर पेडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, इतकी सीट वर घ्या. खड्याच्या उतारावर तेवढी तीन बोटं खाली करा. एवढ्यानेच कित्येक मुलांचं ‘पाय दुखतात’ बंद होतं. उतारावर त्याला तुमच्या मागे ठेवा, पुढे नाही, आणि आई शेवटी. चढावर उलट, तो पुढे, म्हणजे त्याचा वेग तो ठरवतो. दिवसाचं अंतर पंचवीस-तीसच्या वर नेऊ नका. त्याने ‘अजून जाऊया’ म्हटलं तरीही पहिल्या दिवशी नाही.

राहिलं सायकली आणायचं. गाडीला मागे लावायचा रॅक असेल तर प्रश्नच नाही, फक्त तिसरी सायकल बांधताना पेडल काढून ठेवा, नाहीतर ते शेजारच्या फ्रेमचा रंग खरवडतं. रेल्वे तुमच्या वाटांना फार सोयीची आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हा सायकलवाल्यांचा विचार कुणी केला नसेल, पण ती किनाऱ्याने न जाता बरीचशी याच मधल्या पट्ट्यातून गेली आहे. कोलाड, वीर, चिपळूण, संगमेश्वर, कणकवली, कुडाळ, प्रत्येक स्टेशनापासून एखादं खोरं हाकेवर. डब्यात वैयक्तिक सामान म्हणून १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंतची पेटी चालते, आणि चाकं काढूनही मोठी सायकल त्यात बसत नाही. म्हणून सामानाच्या डब्यात रीतसर बुक करा. त्यासाठी गाडीच्या वेळेआधी तास-दीड तास पार्सल ऑफिसला जा, पावती जपून ठेवा, आणि सायकलला नाव, फोन नंबर, कुठे उतरायचं ते लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा. लहान स्टेशनांवर गाडी दोन-एक मिनिटं थांबते, तेवढ्यात सामानाचा डबा उघडून तीन सायकली उतरवणं कठीण. तुम्ही कुडाळपर्यंत बुक करा, आणि गाडी निवडताना ती तिथे किती थांबते ते आधी बघा. हेल्मेट, पंप आणि दिवे मात्र सायकलसोबत न ठेवता अंगावरच्या पिशवीत.